मशीन, कानस आणि पडलेला लिंब

शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालं की बुलढाणा जिल्ह्याची हद्द संपते आणि बाळापूर तालुक्यातलं पारस लागतं, औष्णिक वीज केंद्राचं गाव. 9 एप्रिल 2023 च्या रविवारी संध्याकाळी तिथल्या बाबूजी महाराज संस्थानात भाविक आरतीसाठी जमले होते. अवकाळी पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला, तसे लोक देवळाजवळच्या टिनाच्या शेडखाली येऊन थांबले. शेजारचा जुना कडूलिंब उन्मळून थेट त्या शेडवर आला. सात माणसं गेली, तीसच्या आसपास जखमी झाली. जेसीबी लावून शेड आणि झाड उचलावं लागलं.

पारसची बातमी देशभर गेली. पण एप्रिल ते जून या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या आणि घाटावरच्या दोन्ही भागांत झाडं पडणं हे दर वर्षीचंच. मेच्या शेवटी एखादं वादळ येतं आणि खामगाव, मेहकर, चिखलीकडच्या रस्त्यांवर लिंब, बाभळी आडव्या होतात. एसटी अडकते, तारा तुटतात. मग कुणीतरी गावातल्या मशीनवाल्याला, म्हणजे चेन सॉ बाळगणाऱ्याला, फोन लावतो. तो मोटारसायकलवर पुढे मशीन आणि मागे पेट्रोलचा डबा घेऊन येतो आणि मोबाइलच्या उजेडात कापायला लागतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवानही याच यंत्राने रस्ते मोकळे करत होते. फरक असा, की जवानाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि पाठीशी प्रशिक्षण असतं. गावातल्या मशीनवाल्याकडे बहुतेकदा दोन्ही नसतं.

चेन सॉ आज तालुक्याच्या कुठल्याही शेती-अवजारांच्या दुकानात मिळतो. सकाळी पैसे मोजले की दुपारी धुऱ्यावरची बाभूळ आडवी. कुऱ्हाडीचं तसं नव्हतं. ती नीट चालवायला वर्षं लागत आणि तेवढ्या वर्षांत लाकूड कसं वागतं तेही हाताला कळत जाई. मशीनच्या वेगाने ही उमेदवारीच पुसून टाकली. म्हणून ते ज्ञान आता वेगळं बसून शिकावं लागतं, आणि त्याची सुरुवात बटणापासून नव्हे, कानशीपासून होते.

इतिहास थोडक्यात. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारा चेन सॉ केला आणि 1929 मध्ये पेट्रोलचा. ती यंत्रं दोघांनी दोन टोकांना धरून चालवायची धुडं होती. एका माणसाला सहज पेलेल असं यंत्र जंगलात रुळायला 1950 चं दशक उजाडलं. चेनची गोष्ट जास्त रंजक आहे. सुरुवातीच्या चेनचे दात लाकूड नुसतं ओरबाडायचे आणि तासातासाला बोथट व्हायचे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. 1946 मध्ये त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या वक्र जबड्यांनी डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने कुरतडत पुढे सरकत होती. पुढच्याच वर्षी कॉक्सने घराच्या तळघरात तशाच आकाराच्या दातांची चेन तयार केली. आज चिखलीच्या दुकानात टांगलेली चेन त्याच घडणीची आहे: एक दात डावा, एक उजवा.

ही चेन जवळून पाहण्यासारखी असते. मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून, हातात चामडी मोजे घालून एकेक दात बघावा. प्रत्येक दाताला मागे धारदार कोपरा असतो आणि पुढे एक छोटा उंचवटा. उंचवटा दाताच्या माथ्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटरने खाली असतो. दात लाकडात किती खोल शिरेल ते हा उंचवटा ठरवतो. सुताराच्या रंध्याचं पातं जसं तळातून किंचितच बाहेर काढलेलं असतं, तसाच हा हिशेब. फरक एवढाच की असे कितीतरी रंधे एकामागोमाग सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 72 किलोमीटरने धावत असतात.

चेनला धार आहे की नाही हे भुश्शावरून कळतं. धार असेल तर जाडसर, चौकोनी छिलके उडतात आणि मशीन आपल्या वजनानेच लाकडात उतरतं. धार गेली की पिठासारखी भुकटी पडते, कापातून धूर येतो आणि चालवणारा अंगाचा भार टाकून मशीन दाबू लागतो. अपघाताची पायाभरणी इथेच होते. दाबणाऱ्याचा तोल पुढे गेलेला असतो, हात थकलेले असतात, आणि लाकूड तुटताच मशीन जिथे खाली सुटतं, तिथे त्याचा डावा पाय असतो. धार लावणं हे देखभालीचं काम आणि हेल्मेट घालणं हे सुरक्षिततेचं काम, अशी विभागणी माहितीपुस्तिकांमध्ये असते. प्रत्यक्षात ती टिकत नाही. बोथट चेनने मशीन तर खराब होतंच, पण त्याआधी माणूस धोक्यात येतो.

बुलढाण्यात चेन लवकर बोथट होण्याला कारणंही भरपूर आहेत. बाभळीचं लाकूड मुळात कठीण. धुऱ्यावरच्या झाडाच्या बुंध्यावर पावसात उडालेली माती साल भरून बसलेली असते. जमिनीवर पडलेला ओंडका कापताना चेनचं टोक खाली मुरमाला लागलं, की एका क्षणात सगळे दात जातात. जुन्या कुंपणाची काटेरी तार कधीकाळी खोडाला ठोकलेली असते आणि झाडाने ती गिळून टाकलेली असते. म्हणून जाणता माणूस आधी कुऱ्हाडीने बुंध्याची माती आणि साल सोलून घेतो, ओंडक्याखाली आडवं लाकूड घालतो, आणि कुंपणालगतच्या झाडाला तार शिरलेल्या उंचीवर हात लावत नाही.

धार लावायला गोल कानस लागते आणि ती चेनच्या मापाचीच लागते. छोट्या मशीनच्या कमी उंचीच्या चेनला 4 मिलिमीटर, मधल्या मापाच्या 0.325 इंची चेनला 4.8, तर मोठ्या मशीनच्या पूर्ण उंचीच्या 3/8 इंची चेनला 5.2 किंवा 5.5. चेनच्या पुड्यावर हे माप छापलेलं असतं. चेन हलू नये म्हणून ती जिच्याभोवती फिरते ती पट्टी एखाद्या बुंध्यात किंवा शिकंज्यात घट्ट अडकवायची. कानस दाताला साधारण 30 अंशांच्या तिरक्या रेषेत धरायची आणि आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची. परत आणताना ती उचलून आणायची, घासत नाही. आधी एका बाजूचे सगळे दात, मग फिरून दुसऱ्या बाजूचे. सर्वांत आखूड झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. एका बाजूचे दात लांब आणि दुसरीकडचे आखूड राहिले तर कापच वाकडा जातो, आणि माणूस पट्टीला दोष देत बसतो. चार-पाच वेळा धार लावून झाली की मापाची पत्री ठेवून चपट्या कानशीने पुढचे उंचवटे थोडे उतरवावे लागतात. ते अंदाजाने जास्त उतरवले, तर दात हावरटासारखा लाकूड ओढतो आणि मशीन हातात उसळायला लागतं. लवकर काम व्हावं म्हणून मुद्दाम असं करणारे आहेत. तो धंदा हात गमावण्याचा आहे.

टाकी भरताना प्रत्येक वेळी कानशीचे दोन-तीन फेर मारले, तर चेन कधी मरतच नाही.

चेनचा ताण बघायची रीत सोपी आहे. पट्टीच्या खालच्या बाजूला चेन लोंबता कामा नये. ओढली तर सुटावी आणि सोडली की पुन्हा खटकन जागेवर बसावी. हाताने ती सहज फिरली पाहिजे. कामात चेन तापते, लांबते, सैल पडते, म्हणून मधून कसावी लागते. पण तापलेली असताना कसलेली चेन काम संपल्यावर ढिली करायची, नाहीतर थंड होताना ती आकसते आणि शाफ्ट व बेअरिंगवर ओढ येते. पट्टी दर वेळी उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तिच्या खाचेतला ऑइलमिश्रित भुसा आणि ऑइलचं भोक तारेने साफ करायचं. ऑइल येतं का हे बघायला मशीनचं टोक कोरड्या बुंध्यासमोर धरून रेस द्यावी. त्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

इथे एक वाईट सवय खोलवर रुजली आहे. चेन ऑइलच्या जागी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततात, कारण ते फुकट मिळतं. त्यात इंजिनातल्या धातूचे कण असतात, ते ऑइल पंप खातात. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात, आणि चेन ते तुषारांसारखं हातावर, कपड्यांवर उडवत असते. चेन ऑइल थोडं चिकट असतं ते चेनवरून उडून जाऊ नये म्हणूनच.

पेट्रोलची कहाणी अलीकडे बदलली आहे. मशीनचं इंजिन टू-स्ट्रोक. चांगल्या प्रतीचं, कंपनीने सांगितलेलं टू-टी ऑइल असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर, म्हणजे पन्नासाला एक. हे प्रमाण पिस्टनचं आयुष्य ठरवतं. ‘बुचभर’ या मापाला इथे अर्थ नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि अनेक मशीनच्या पुस्तिका 10 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका असं सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. मशीनने तेच ओढलं की पिस्टन कोरडा घासतो. कार्बोरेटरमधला रबरी पडदा आणि नळ्याही अशा इंधनाने कडक होतात. यावर गावपातळीवरचा उपाय एकच: चार दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करायचं, हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि उरलेलं संपेपर्यंत मशीन चालू ठेवून बंद पडू द्यायचं. पेरणीच्या धांदलीत भरल्या टाकीने कोपऱ्यात टाकलेलं मशीन दिवाळीनंतर दोरी ओढून ओढून चालू होत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं. एअर फिल्टर तर रोज झटकावा. काळ्या मातीची उन्हाळी धूळ त्यात अशी बसते की इंजिन गुदमरतं आणि पेट्रोल जास्त पितं.

टाकी भरताना मशीन थंड होऊ द्यायचं, आणि भरल्या जागेपासून तीन मीटर तरी दूर जाऊन चालू करायचं. राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि नेमका तोच लाकूडतोडीचाही हंगाम असतो. वणवा पेटायला वाळल्या गवतावर टेकवलेला तापलेला सायलेन्सर पुरेसा असतो.

आता उसळीबद्दल. चालत्या चेनच्या पट्टीच्या नाकाचा वरचा पाव भाग कशालाही लागला, लपलेली फांदी असो की शेजारचा ओंडका, तर दात तिथे अडकतात आणि चेनचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो, थेट मानेकडे आणि तोंडाकडे. हे सेकंदाच्या दहाव्या भागात होतं. माणसाचा हात तेवढ्यात हलू शकत नाही. म्हणूनच पुढच्या मुठीसमोर चेन ब्रेकची ढाल असते. उसळीच्या झटक्यानेच लागणारा आपोआप ब्रेक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि त्याने असंख्य चेहरे वाचवले. रोज काम सुरू करण्याआधी ब्रेक लावून बघायला काही क्षण लागतात. ब्रेक भुश्शाने जाम झाला म्हणून तो तसाच सोडून देणं हा शुद्ध जुगार आहे.

डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलाच पाहिजे. डावखुऱ्यानेही तसंच धरायचं. दोन्ही हात, खांद्याच्या वर नाही, शिडीवरून नाही. मशीन एका हातात लोंबकळत ठेवून दुसऱ्याने दोरी ओढायची पद्धत सर्रास दिसते, आणि ती बंद व्हायला हवी. मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा घालून दोरी ओढायची.

पायाला जीन्स पुरत नाही. चेन सॉसाठीच्या पँटमध्ये लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चक्राभोवती गुंडाळतात आणि चेन जागच्या जागी थांबते. युरोपीय मानकात अशा कपड्यांचे वर्ग चेनच्या वेगावर पाडलेले आहेत. वर्ग 1 सेकंदाला 20 मीटरचा. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मेमधल्या उन्हात पूर्ण पँट सोसत नाही हे खरं, पण पुढून बांधायची पायझाकणं मिळतात आणि काम पहाटे सुरू करता येतं. गळ्यातला दुपट्टा मात्र काढून ठेवायचा. कानांचं नुकसान सावकाश होतं म्हणून कुणी मनावर घेत नाही. मशीनचा आवाज 110 डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या, ‘नायॉश’च्या हिशेबाने 85 डेसिबल आठ तास सोसता येतात आणि प्रत्येक 3 डेसिबलला मुभा निम्मी होते, 110 ला ती दीड मिनिटावर येते. कानात बोळे किंवा कानटोप नसेल, तर पहिला ओंडका पूर्ण होण्याआधीच दिवसभराचा वाटा संपलेला असतो.

उभं झाड पाडताना आधी मशीन खाली ठेवून झाडाभोवती फिरायचं. झुकाव कुठे, ढोली आहे का, वर वाळली फांदी लटकते का, आग्या मोहोळ आहे का. मशीनच्या आवाजाने मोहोळ उठलं, तर चालत्या चेनसकट पळायची वेळ येते. वीजतार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कापायचं नाही. मग पळायची वाट साफ करायची, पडण्याच्या दिशेच्या उलट आणि तिरकी. पडायच्या बाजूला खोडाच्या जाडीच्या पाव भागाएवढी खाच घ्यायची. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आणि तो आरपार कधीच नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी न कापलेल्या लाकडाची पट्टी सोडायची. हीच बिजागरी, झाड तिच्यावरच वळून खाली येतं. ती कापली गेली, की झाड कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. काप मिटू लागला तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. लोखंडाची नाही, कारण चेन तिला लागली तर दात तुटून उडतात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं माणूस नको.

वादळात पडलेलं झाड याहून फसवं. ते आडवं दिसतं, पण शांत नसतं. फांद्यांच्या आधारावर अर्धवट टेकलेलं खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं. एका बाजूचे धागे ओढले गेलेले, दुसऱ्या बाजूचे दाबले गेलेले. आधी दाबलेल्या बाजूने उथळ काप घ्यायचा, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू सोडवायचं. उलट केलं तर खोड उभं चिरतं किंवा फांदी फटक्यासारखी सुटते. उन्मळलेल्या झाडाची मुळांची चकती उभी राहिलेली असते. खोडाचं वजन कापून निघालं की ती मातीसकट परत खड्ड्यात आदळू शकते. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात. बघ्यांची गर्दी मागे हटवणं हे कापण्याआधीचं काम, आणि सरपंच, पोलीस पाटील यांनी ते करावं. झाडाखाली माणूस अडकलेला असेल, तर आधी झाडाला जागोजागी टेकू द्यावे लागतात. एक चुकीचा काप सगळं वजन खालच्या माणसावर उतरवतो.

लोणारला या यंत्राची मर्यादा दिसते. उल्कापाताने झालेलं हे सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं. त्याच्या काठावर आणि उतारावर वेडी बाभूळ फोफावली होती आणि ती काढण्याचं काम वनविभागाला हाती घ्यावं लागलं. हे झाड मशीनने कापून संपत नाही. जमिनीलगतच्या गड्ड्यातून त्याला पुन्हा झुबक्याने फुटवे येतात आणि एका खोडाच्या जागी दहा होतात. ते मुळासकट उपटावं लागतं. कापतानाही त्याच्या काटेरी, एकमेकांत गुंतलेल्या बारीक फांद्यांमध्ये पट्टीचं नाक कुठे लागेल ते दिसत नाही. उसळीला याहून सोयीची जागा नाही. अशा ठिकाणी कोयता आणि लांब आकडी आधी, मशीन शेवटी.

कायद्याचंही भान हवं. साग, चिंच, आंबा, मोह, खैर, चंदन ही झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; नगरपालिका हद्दीसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो, ते ज्ञानगंगा अभयारण्य. तिथे वाऱ्याने पडलेलं, वाळलेलं झाडसुद्धा उचलायला सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने मनाई केली. वनगुन्ह्यात वापरलेलं हत्यार भारतीय वन अधिनियमाच्या कलम 52 खाली जप्त होतं, आणि त्यात मशीनही आलं.

एवढी काळजी घेऊनही जखम होऊ शकते, म्हणून एकट्याने मशीन चालवायचं नाही. सोबतचा माणूस कापणारा नसावा; त्याच्याकडे चार्ज केलेला फोन आणि स्वच्छ, जाड सुती कापडाची घडी असावी. चेनची जखम फाटकी असते आणि रक्त जोराने जातं. घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी जोर लावून दाबायचं. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवायचं. रक्त तरीही थांबत नसेल आणि जखम हातापायाची असेल, तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टा घट्ट आवळायचा आणि आवळल्याची वेळ लक्षात ठेवायची. हळद, चहापत्ती, माती काही भरायचं नाही. 108 ला फोन करताना वावराचा गट नंबर सांगून उपयोग नाही. रस्त्यावरचं देऊळ, शाळा किंवा किलोमीटरचा दगड सांगायचा आणि एकाला रुमाल घेऊन तिथे उभं करायचं. रुग्णवाहिकेतला डॉक्टर जखम हाती घेईपर्यंत तळव्यांचा दाब सुटू द्यायचा नाही.